स्तन काढणं खरंच स्वस्त पडतं का?
स्तनाच्या कॅन्सरमध्ये "पूर्ण स्तन काढला की धोका संपला, खर्चही वाचला" असं म्हटलं जातं, ते मत पटत नाही. सुरुवातीच्या टप्प्यात फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं तरी आयुर्मान तेवढंच राहतं. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत, 20 वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, हेच दिसलं. मात्र रेडिएशन टाळलं तर त्याच स्तनात गाठ परत येण्याची शक्यता बरीच वाढते.

गोंदिया-गडचिरोलीहून नागपुरात येणाऱ्या बाईचा खर्च इथेच वाढतो: राहणं, प्रवास, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी. म्हणून रेडिएशनचा 25 ऐवजी 15 दिवसांचा कोर्स चालेल का, हे आधीच विचारा. बऱ्याच जणींना चालतो. आणि काखेतल्या बऱ्याच गाठींत कॅन्सर निघाला तर स्तन काढूनही रेडिएशन लागतंच, मग बचत कसली!

सगळ्यात महागात पडते ती घाई. बायोप्सीआधीच गाठ कापून घेतली की बऱ्याचदा कडेला कॅन्सर राहतो आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. आधी जाड सुईची बायोप्सी, त्यावर ईआर, पीआर, हर-2 (कोणती औषधं लागू पडतील हे सांगणाऱ्या तपासण्या). केमो आधी द्यायची ठरली तर गाठीत क्लिप (जागेची खूण म्हणून धातूचा बारीक तुकडा) बसवून घ्या; गाठ पूर्ण विरघळली तर सर्जनला जागा सापडत नाही. मोफत उपचारांच्या सरकारी महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड घेऊन आरोग्यमित्राला (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला) भेटायचं, तेही ऑपरेशनच्या आधीच.