ब्राबुस: जी ६३ साठी ७०० की ८००?

प्रश्न: गाडी जर्मनीतच, २०१९ ची मर्सिडीज-एएमजी जी ६३, मूळ ताकद ५८५ एचपी आणि टॉर्क (फिरवण्याचा जोर) ८५० एनएम. बॉट्रोपच्या ब्राबुस या ट्यूनिंग कंपनीची (गाड्यांची ताकद वाढवणारी) ७०० आणि ८०० एचपीची किट्स आहेत. आकडा सोडून फरक काय?

उत्तर १: फरक टर्बोंचा (इंजिनात दाबाने जास्त हवा भरणारी यंत्रं). ७०० मध्ये टर्बो मूळचेच राहतात. इंजिनाच्या कंट्रोल युनिटला जोडमॉड्यूल लागतं, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) आणि इंधनाचं मॅपिंग बदलतं, टॉर्क ९५० एनएम होतो. ८०० मध्ये दोन्ही टर्बो मोठ्या कॉम्प्रेसरचे बसतात, टॉर्क १००० एनएम. ०-१०० किमी/तास मात्र ७०० च्या ४.३ वरून ४.१ सेकंद, बस. वजन अडीच टनांचं, म्हणून कमाल वेगही दोन्हींत २४० किमी/तासलाच बांधलेला. मी ७०० च घेईन.

उत्तर २: सहमत. शिवाय या व्ही-८ मध्ये टर्बो दोन सिलिंडर-रांगांच्या मधोमध बसतात, तिथे उष्णता कोंडते. ते बदलणं म्हणजे मोठं काम; ७०० मध्ये मात्र मॉड्यूल काढलं की गाडी पुन्हा मूळ रूपात येते. पेट्रोल ९८ ऑक्टेनचंच भरा. कमी ऑक्टेनवर नॉकिंग (इंधन अवेळी पेटणं) होतं, कंट्रोल युनिट इग्निशन (ठिणगीची वेळ) मागे घेतं आणि विकत घेतलेली ताकद तिथेच जाते. पूर्ण थ्रॉटलला मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन न पेटणं) आलं तर आधी स्पार्क प्लग बघा: दाब वाढला की झिजलेल्या प्लगची ठिणगी विझते.

उत्तर ३: बदलाची ट्यूफकडून (जर्मनीतली वाहन-तपासणी संस्था) तपासणी करून कागदपत्रांत नोंद घ्याच, विमा कंपनीलाही कळवा. नोंद नसेल तर गाडीचा रस्त्यावरचा परवानाच रद्द ठरू शकतो.