विज्ञान म्हणजे काय, हे आपल्याला कधी उमगले?

विज्ञानाच्या व्याख्या पाठ्यपुस्तकांत पुष्कळ आहेत. येथे त्या नकोत. ज्या प्रसंगी आपली एखादी समजूत तपासावी लागली आणि विज्ञान म्हणजे काय हे आपल्यापुरते उमगले, तो प्रसंग तपशिलासह लिहावा, ही सर्वांना विनंती.

निवृत्त शिक्षिका, पुणे

मी २६ वर्षे भूगोल शिकवला. दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो, हे वाक्य मी इतक्यांदा उच्चारले होते की ते खरे आहे का, हा प्रश्नच कधी मनात आला नाही. एका मे महिन्यात सुट्टीला आलेल्या भाचीने गच्चीवर एक मीटर उंचीची काठी ओळंबा लावून उभी केली आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करायला सुरुवात केली. बारा वाजता सावली होती. ती नाहीशी झाली साडेबाराच्या सुमारास, कारण आपली घड्याळे ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची वेळ दाखवतात आणि पुणे त्याच्या जवळजवळ नऊ अंश पश्चिमेला आहे. हे मी वर्गात शिकवत होते, पण अंगणातल्या सावलीशी ते कधी जोडले नव्हते.

त्या वर्षी पाऊस लांबला, म्हणून २१ जूनलाही मोजता आले. त्या दिवशी तर सूर्य नक्की माथ्यावर असणार, असे मी भाचीला सांगून ठेवले होते. मध्यान्हीची सावली साडेआठ सेंटिमीटर भरली आणि ती दक्षिणेकडे पडली होती! पुण्याचा अक्षांश सुमारे साडेअठरा अंश असल्याने सूर्य आपल्याला ओलांडून उत्तरेला गेला होता. ज्या गच्चीवर जन्मभर पापड वाळवले, तेथे वर्षातले अडीच महिने मध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते, हे मी पाहिलेच नव्हते. भाचीने माझ्या पदवीकडे न पाहता काठीकडे पाहिले. मीही तसेच पाहायला हवे होते. जुलैअखेर सूर्य परतताना पुन्हा माथ्यावरून जातो, पण सलग तीन वर्षे ढगांमुळे तो दिवस हुकला आणि आमच्या वहीतले ते पान अजून कोरे आहे.

शेतकरी, लातूर जिल्हा

सोयाबीनवर फवारायचे एक महागडे टॉनिक मी तीन हंगाम वापरले आणि शेंगा त्यानेच भरतात, असे चारचौघांत ठामपणे सांगत असे. चौथ्या वर्षी आमच्या कृषी सहायकांनी शेताच्या मधोमध दहा गुंठे बिनफवारणीचे सोडून त्याची रास वेगळी मोजायला सांगितली. मधोमध अशासाठी की बांधाकडची जमीन हलकी असते आणि तेथे उतारा मुळातच कमी येतो. शेजारच्या फवारलेल्या दहा गुंठ्यांत २ क्विंटल १० किलो भरले आणि सोडलेल्या दहा गुंठ्यांत २ क्विंटल ६ किलो. एवढे तर मळणीतही सांडते. तीन वर्षे पीक चांगले आले हे खरेच होते, पण तिन्ही वर्षे पाऊसही वेळेवर झाला होता. फवारले नसते तर काय झाले असते, हे पाहण्याची सोयच मी ठेवली नव्हती. एका वर्षावरून निकाल देऊ नये म्हणून पुढच्या हंगामात दुसऱ्या रानात तसेच केले आणि तेथेही फरक दिसला नाही.

पदार्थविज्ञानाची संशोधक, सध्या जर्मनीत

माझ्या आलेखात सात आठवडे एक सुरेख शिखर दिसत होते. मार्गदर्शक बाईंनी नमुना काढून रिकाम्या धारकावर तेच मोजमाप करायला लावले. शिखर तेथेही होते; ते नमुन्याचे नव्हते, धारकावर नमुना चिकटवायच्या चिकटपट्टीचे निघाले. मला रडू आले, आणि नंतर हायसे वाटले.

बँक कर्मचारी, नाशिक

शेतकरी बंधूंचे दहा गुंठे वाचून मला माझे आजोबा आठवले. ते पत्रिका पाहत आणि त्यासाठी कोणाकडून पैसा घेत नसत. त्यांचे ग्रहगणित अचूक होते आणि माणूस सचोटीचा, म्हणून भाकीतही खरेच असणार, असे मी धरून चाललो होतो. २००८ मध्ये जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी घेतलेल्या चाचणीविषयी मी पुढे वाचले. १०० हुशार मुलांच्या आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या १०० मुलांच्या पत्रिका मिसळून प्रत्येक ज्योतिषाला त्यांतील ४० दिल्या होत्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली, एवढेच ओळखायचे होते. २७ जणांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांची सरासरी ४६ टक्के आली. नाणे उडवून सांगितले असते तरी निम्मी उत्तरे बरोबर आली असती.

आजोबा गेल्यावर मी त्यांच्या वह्या चाळल्या. खऱ्या ठरलेल्या भाकितांच्या नोंदी पानोपानी होत्या, चुकलेल्याची मात्र एकही नव्हती. त्यांनी काही लपवले असेल, असे मला वाटत नाही. भाकीत चुकले हे सांगायला कोणी परत येतच नसे.

निवृत्त शिक्षिका, पुणे

आपल्या आजोबांच्या वह्यांविषयी वाचल्यावर मी आमची वही पुन्हा काढली. भाचीचे म्हणणे असे की, सोलापूरला पाऊस कमी असतो आणि तेथे सूर्य ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात माथ्यावरून जातो. यंदा आम्ही काठी आणि ओळंबा घेऊन तेथे माझ्या बहिणीकडे जाणार आहोत.