घरातच चित्रांची खोली: गवंड्याचं ऐकावं की मनातलं?

प्रश्न: काम जोत्यापर्यंत आलंय. चित्रांच्या खोलीला उत्तरेची उंच खिडकी हवी आहे. गवंडी म्हणतो, सगळ्या खिडक्या एकाच मापाच्या ठेवा. ऐकावं का?

प्रतिसाद १: अजिबात नको. उत्तर गोलार्धात उत्तरेचा उजेड दिवसभर बराचसा एकसारखा राहतो, थेट ऊन कॅनव्हासवर सहसा येत नाही. खिडकीचा तळ ४-५ फुटांवर, माथा जमेल तितका छताजवळ. फक्त हे माप लिंटेल (खिडकीवरची काँक्रीटची तुळई) ओतण्याआधी ठरवा. नंतर रुंदी वाढवायची तर तोडफोड आलीच. रुंद खिडकीवरच्या लिंटेलमधल्या सळ्या इंजिनिअरकडूनच ठरवून घ्या, अंदाजाने नाही.

प्रतिसाद २: जोत्यावर चुन्याने ईझल (कॅनव्हास ठेवायची घोडी), टेबल, कपाट खऱ्या मापात आखा आणि मागे सरकून बघा. मोठ्या चित्रासाठी ८-१० फूट मोकळे लागतात. नकाशे फसतात ते इथेच! भिंतींना भडक रंग नको, त्याची झाक चित्रावर पडते. फिका राखाडी बरा. रात्रीसाठी ५००० केल्विनचे (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचं माप), ९०च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) असलेले दिवे.

प्रश्नकर्ता: घरचे म्हणतात, तिथेच पाहुण्यांचा पलंगही बसवा.

प्रतिसाद २: बसवा की, पण भिंतीला घडी होणारा. आणि खिडकीसमोरच्या भिंतीला नको.