मदत हवी आहे: मुलीसाठी वापरलेली लेजंड रेसकार घेताना काय काय तपासावे?

नमस्कार मंडळी,

आम्ही अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात, शार्लट शहराजवळ राहतो. माझी तेरा वर्षांची मुलगी सध्या ‘बँडोलेरो’ या मुलांसाठीच्या छोट्या रेसकारमधून शर्यतींत भाग घेते आणि आता तिला लेजंड कार चालवायची आहे. नवी गाडी आमच्या आवाक्याबाहेरची असल्याने वापरलेली घेण्याचे ठरवले आहे. मी बँकेत नोकरी करते, यजमान संगणकक्षेत्रात आहेत, आणि पाना-पक्कड हातात धरण्याचा सराव आम्हा दोघांनाही नाही. इथे ज्यांना विचारावे ते बहुतेक जण स्वतःच गाड्या विकणारे किंवा विकणाऱ्यांचे स्नेही असतात, म्हणून इथल्या जाणकारांचा सल्ला हवा आहे.

ज्यांना हा वर्ग परिचित नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहिते. लेजंड कार १९९२ साली इथल्याच शार्लट मोटर स्पीडवे या मोटारशर्यतींच्या ट्रॅकवर जन्माला आली. स्पीडवेचे तेव्हाचे प्रमुख हम्पी व्हीलर आणि रेसचालक इलियट फोर्ब्स-रॉबिन्सन यांनी बेताच्या खर्चात शर्यत खेळता यावी म्हणून ती आणली. वरचे कवच १९३० आणि १९४० च्या काळातील फोर्ड, शेव्हरले अशा गाड्यांच्या पाच-अष्टमांश आकाराचे आणि फायबरग्लासचे असते. आत पोलादी नळ्या वेल्ड करून बनवलेला सांगाडा, मागे टोयोटाचा अखंड ॲक्सल (दोन चाकांना जोडणारा आस) आणि पुढे यामाहा मोटारसायकलचे इंजिन, तेही तिच्याच गिअरबॉक्ससह. गाडीची लांबी जेमतेम ३.२ मीटर, म्हणजे आपल्या टाटा नॅनोपेक्षा वीतभरही जास्त नाही, आणि चालकासह किमान वजन १३०० पौंड, म्हणजे सुमारे ५९० किलो. नॅनोची ताकद मात्र चाळीस अश्वशक्तीच्या आत होती आणि इथे ती सव्वाशेच्या आसपास आहे.

सगळ्यांना एकसारखीच चासी (म्हणजे सांगाडा), एकाच प्रकारचे मान्यताप्राप्त टायर आणि कोणाला उघडून फेरफार करता येऊ नयेत म्हणून सील केलेले इंजिन. पैसा ओतून वेग विकत घेता येऊ नये हा या नियमांमागचा हेतू मला मनापासून पटतो, आणि मुलीला याच वर्गात उतरवण्याचे ते मुख्य कारण आहे. तिच्या डोळ्यांसमोर विल्यम बायरन आहे. तोही शार्लटचाच. संगणकावरच्या सिम्युलेटरवर गाडी चालवायला शिकला, २०१२ साली लेजंड कारमधून प्रत्यक्ष शर्यतीत उतरला आणि पुढे २०२४ व २०२५ अशी सलग दोन वर्षे त्याने डेटोना ५०० ही नामांकित मोटारशर्यत जिंकली. प्रत्येक मूल तिथवर पोहोचत नाही हे आम्ही जाणतो. सारख्या गाड्यांमध्ये आपले कसब जोखण्याची संधी तिला मिळावी, एवढीच आमची इच्छा आहे.

सध्या दोन गाड्या समोर आहेत. पहिलीत जुन्या पिढीचे १२५० सीसीचे, हवेने थंड होणारे, चार सिलिंडर आणि चार कार्ब्युरेटर असलेले इंजिन आहे. दुसरीत एफझेड-०९ या मोटारसायकलचे ८४७ सीसीचे, तीन सिलिंडरांचे, पाण्याने थंड होणारे आणि फ्युएल इंजेक्शनचे इंजिन आहे. पहिली स्वस्त आहे आणि तिच्यासोबत सुट्या भागांची एक पेटीही मिळते आहे. दुसरी महाग आहे, पण दिसायला नव्यासारखी आहे. मुलगी मुख्यतः स्पीडवेच्या मुख्य सरळ पट्ट्यालगत आखलेल्या पाव मैलाच्या ओव्हलवर (लंबगोल ट्रॅकवर), उन्हाळ्यातल्या ‘समर शूटआउट’ मालिकेत भाग घेईल.

मला पडलेले प्रश्न असे. फायबरग्लासचे कवच बदलून रंग दिला की गाडी नवीच दिसते, मग आतला सांगाडा वाकलेला नाही याची खात्री सामान्य माणसाने कशी करावी? इंजिनाचे सील तोडता येत नसेल तर आतली झीज कशी कळावी? आणि यंत्रातले फारसे न कळणाऱ्या कुटुंबाने या दोहोंपैकी कोणते इंजिन निवडावे?

प्रतिसाद १

मी इंग्लंडमध्ये केंट परगण्यात राहतो आणि एका मित्राच्या लेजंड कारचा मेकॅनिक म्हणून ब्रँड्स हॅच या इथल्या रेस सर्किटवर अनेकदा गेलो आहे. आमच्याकडे या गाड्या मुख्यतः डावी-उजवी वळणे असलेल्या सर्किटवर धावतात, त्यामुळे ओव्हलच्या सेटिंगबाबत माझे म्हणणे अंतिम मानू नये. तपासणी मात्र दोन्हीकडे सारखीच आहे.

ताई, कवचाकडे पाहूच नका, ते काढायला सांगा. विक्रेता नाही म्हणाला तर तिथेच विषय संपला असे समजा. कवच निघाल्यावर सांगाड्याच्या नळ्या जिथे एकमेकींना मिळतात तिथले वेल्ड बॅटरीच्या उजेडात बघा. रंगाला केसासारखी बारीक चीर गेलेली असेल आणि तिच्यातून गंजाची तांबूस रेघ दिसत असेल तर खालचा धातू फाटू लागला आहे असे धरून चाला. मग टेप घेऊन पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. ते ७३ इंचांच्या आसपास असते. ओव्हलवाले दोन बाजूंत थोडा फरक मुद्दाम ठेवतात, म्हणून फरक दिसला तर तो का ठेवला आहे हे विचारा. उत्तर देता आले नाही तर तो फरक धडकेने आलेला असू शकतो. त्यानंतर सांगाड्यावरच्या समोरासमोरच्या बिंदूंमधले दोन्ही कर्ण मोजा. मागचा ॲक्सल वाकला आहे का हे पाहण्यासाठी मागच्या दोन रिममधले अंतर एकदा पुढच्या कडेने आणि एकदा मागच्या कडेने मोजा. एवढ्यासाठी टेप, खडू आणि मदतीला आणखी एक माणूस पुरतो.

इंजिनाबद्दल सांगायचे तर सील न तोडताही पुष्कळ कळते. स्पार्क प्लग काढून त्या जागेतून सिलिंडरमध्ये हवा भरायची आणि किती गळते ते मोजायचे, याला लीक-डाउन चाचणी म्हणतात. कोणताही बरा मोटारसायकल मेकॅनिक ती करून देईल. सगळ्या सिलिंडरांचे आकडे जवळपास सारखे यायला हवेत. ऑइल फिल्टर कापून त्याची घडी उलगडून पाहा, धातूचा चुरा चमकत असेल तर ते इंजिन घेऊ नका. सील शाबूत आहे ना आणि त्यावरचा क्रमांक कागदपत्रांशी जुळतो ना, हेही बघा, नाहीतर पहिल्याच तांत्रिक तपासणीत गाडी अडवली जाईल.

एक गोष्ट फार थोडे जण सांगतात. मोटारसायकल वळणावर स्वतः झुकते, त्यामुळे तिच्या इंजिनातले तेल तळाशीच राहते. तेच इंजिन गाडीत बसवले की ते झुकत नाही आणि डाव्या वळणात सगळे तेल उजवीकडे लोटले जाते. तेल खेचणारी नळी क्षणभर जरी उघडी पडली तरी बेअरिंगवर घाव बसतो. ओव्हलवर तर सगळी वळणे डावीच. म्हणून गाडी ट्रॅकवर चालवून बघायची अट घाला आणि वळणात तेलाच्या दाबाचा काटा खाली येतो का, याकडे जाणत्या माणसाला लक्ष ठेवायला सांगा. क्लचचेही तसेच. तो दोन-अडीचशे किलोची मोटारसायकल ओढण्यासाठी बनवलेला असतो आणि इथे पावणेसहाशे किलोंहून अधिक ओढतो. शर्यत चालत्या गाड्यांनी सुरू होते म्हणून तो टिकतो, पण पिटमधून (गाडी थांबवण्याच्या जागेतून) निघताना क्लच अर्धवट दाबून धरण्याची सवय असलेला चालक तो लवकर जाळतो.

प्रतिसाद २

मी कोल्हापूरचा. लेजंड कार मी चालवलेली नाही. माझा अनुभव कार्टिंगचा आणि पुढे फॉर्म्युला एलजीबी या भारतातल्या शर्यतींच्या गाड्यांवर काम करण्याचा आहे. त्यांत मारुती स्विफ्टचे इंजिन असते, तरी सगळ्यांना सारखी गाडी हे तत्त्व तेच. ताई, तुमच्या दोन इंजिनांच्या प्रश्नावर माझे मत असे की प्रश्न इंजिनाचा कमी आणि तुमच्या जवळपास मदत कोणत्या इंजिनाची मिळते याचा जास्त आहे. चार कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवून ठेवणे ही शिकण्यासारखी विद्या आहे, पण ती कोणीतरी शेजारी उभे राहून शिकवावी लागते. संथ लॅप्स सुरू असताना हवेवर थंड होणारे इंजिन तापते, हेही लक्षात असू द्या. घरात मेकॅनिक नसेल तर मी इंजेक्शनचे इंजिन घेईन आणि फायबरच्या कवचावर एक पैसाही जास्त देणार नाही.

दुसरे म्हणजे वजनाची वाटणी. मुलगी तेरा वर्षांची, म्हणजे अंगाने हलकी. किमान वजन चालकासह धरलेले असल्याने गाडीत शिसे बसवावे लागेल, आणि ते कुठे बसवले यावर गाडीचे वागणे ठरते. चारही चाकांखाली काटे ठेवून, ती आसनावर बसलेली असताना वजन घ्या. उजवे पुढचे आणि डावे मागचे यांची बेरीज एकूण वजनाच्या किती टक्के येते ते लिहून ठेवा. हा आकडा वाढला की डाव्या वळणात गाडी वळायला नको म्हणते, कमी झाला की मागची बाजू सुटू पाहते. दोन सारख्या गाड्यांमध्ये जो फरक दिसतो, तो बहुतेक इथेच असतो.

आणि सुरक्षिततेबाबत हात आखडता घेऊ नका. जुन्या गाडीसोबत आलेल्या, चालकाला आसनाशी बांधणाऱ्या पट्ट्यांच्या लेबलावरची तारीख पाहा. एसएफआय या सुरक्षा-मानके ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या प्रमाणपत्राचे साधे पट्टे उत्पादनापासून दोन वर्षांनी बदलायचे असतात, ते कितीही कोरे दिसले तरी. इंजिन मोटारसायकलचे असले तरी हेल्मेट मोटारसायकलचे चालत नाही. मोटारशर्यतींसाठीच्या एसए मानांकनाचेच हवे, कारण त्याची आगीची आणि रोल केजवर (चालकाभोवतीच्या पोलादी नळ्यांच्या पिंजऱ्यावर) डोके आपटण्याची चाचणी झालेली असते. मान धरून ठेवणारे साधन तिच्या खांद्यांच्या मापाचेच घ्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. विक्रेत्यांकडे काय मागायचे हेच मला कळत नव्हते, ते आता स्पष्ट झाले. दोघांनाही कवच काढून दाखवण्याविषयी लिहिले होते. एफझेडवाल्यांनी लगेच होकार दिला असून ट्रॅकवर चालवून बघण्याचीही तयारी दाखवली आहे. पहिल्या गाडीच्या मालकांनी रंग नुकताच दिल्याचे कारण सांगून टाळले आहे. लीक-डाउन चाचणीसाठी जवळच्या मोटारसायकल मेकॅनिकशी बोलणे झाले आहे.

आता एकच शंका उरली आहे. गाडीतले ॲल्युमिनियमचे आसन प्रौढ माणसाच्या मापाचे आहे आणि मुलगी अजून वाढते आहे. तिच्या आत्ताच्या मापाचे नवे आसन घ्यावे, की मोठ्या आसनात तिच्या अंगाच्या ठशाचा फोम ओतून घ्यावा आणि उंची वाढेल तसा तो बदलत राहावे? धडकेच्या वेळी खांदे आणि कंबर कशात नीट धरली जाते, हे ज्यांनी आपल्या मुलांबाबत अनुभवले आहे त्यांनी कृपया लिहावे. पेडल पुढे आणण्यासाठी त्यांना जोडतुकडे बसवण्याबाबत कोणाचा अनुभव असेल तर तोही कळवावा.