मदत हवी आहे: खाजगी आयटीआयमधल्या भावासाठी शिष्यवृत्ती आणि अनुदान (पुणे)

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावाला यंदा आयटीआयत मशिनिस्ट ट्रेडला (मशीनवर धातूचे भाग घडवायचा अभ्यासक्रम) प्रवेश मिळालाय. औंधच्या शासकीय संस्थेचं नाव पहिल्या पसंतीला टाकलं होतं, पण तिथल्या जागा वरच्या गुणांवरच भरल्या आणि पुढच्या फेरीत एक खाजगी संस्था लागली. प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतलाच आहे, संस्थेने स्वतःच्या पातळीवर दिलेला नाही. ट्रेड त्याला हवा तोच मिळाला म्हणून सोडला नाही.

आमची माहिती अशी: राहायला वारज्यात, प्रवर्ग ओबीसी. भावाची १०वी महापालिकेच्या शाळेतून, ७४ टक्के. वडील गवंडी आहेत. बांधकाम कामगार मंडळात नोंदणी आहे आणि या वर्षीचं नूतनीकरणही झालंय. मी औषधांच्या दुकानात कामाला आहे. घरातलं सगळं उत्पन्न तहसीलदारांच्या दाखल्यावर अडीच लाखांच्या आत बसतं.

अडचण फीच्या वेळेची आहे. संस्थेत सांगतात, "आधी पूर्ण फी भरा, प्रतिपूर्ती तुमच्या खात्यात येईल." कधी, ते कोणी सांगत नाही. फीशिवाय बॉयलर सूट, सेफ्टी बूट, ड्रॉइंगचं साहित्य, व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन), बसचा पास हे सगळं पहिल्या महिन्यातच लागतं. पावसाळ्यात वडिलांचं काम निम्म्यावर येतं आणि आयटीआयचे प्रवेश नेमके पावसाळ्यात होतात. दिवाळीनंतर हाच खर्च आम्हाला झेपला असता.

नातेवाइकांमध्ये विचारलं तर ऐकायला मिळालं, "आयटीआयला कसली शिष्यवृत्ती? ती इंजिनीअरिंगवाल्यांना असते." हे मला मनापासून लागलं. भोसरी, चाकण, रांजणगावच्या शॉपफ्लोअरवर मिलिंग मशीनसमोर उभी असतात ती हीच मुलं. शंभर मायक्रॉन म्हणजे किती हे आमचा पोरगा आत्ताच हातावर केस ठेवून दाखवतो. त्याचं शिक्षण कमी प्रतीचं आहे असं मी कुणालाही म्हणू देणार नाही, आणि पैशासाठी त्याने पार्सल पोचवायची कामं धरून वर्कशॉप बुडवावं असंही मला वाटत नाही.

महाडीबीटीवर, म्हणजे राज्य शासनाच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, त्याचं प्रोफाइल भरलंय. महापालिकेची १०वीनंतरची मौलाना अबुल कलाम आझाद शिष्यवृत्ती १५,००० रुपयांची असते, हे त्याच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं. बांधकाम मंडळाकडून १०वीत ५० टक्क्यांच्या वर गुण असले तर १०,००० मिळतात, हे वडिलांच्या मुकादमाकडून कळलं.

आता खरे प्रश्न. फी प्रतिपूर्ती, महापालिका आणि मंडळ या तिन्हींकडे एकाच वेळी अर्ज केला तर एकामुळे दुसरा बाद होतो का? फी हप्त्याने घ्या असं संस्थेला लेखी मागताना काय लिहावं? आणि साहित्यासाठी मदत करणाऱ्या खात्रीच्या संस्था कोणत्या? ज्यांच्या घरात कोणी आयटीआय केलंय त्यांनी कृपया लिहा. ऐकीव नको, केलेलं सांगा.

— वारजेची ताई

प्रतिसाद १: निवृत्त निदेशक

ताई, मी टर्नर ट्रेडला शिल्प निदेशक होतो, नोकरीचा बराच काळ पुणे विभागात गेला. तुमचा प्रवेश केंद्रीय फेरीतला आहे, ही तुमच्या हातातली सर्वांत मोठी गोष्ट. प्रवेशपत्र आणि फीची पावती जपून ठेवा, प्रतिपूर्तीसाठी तीच आधी बघतात.

एकाच अभ्यासक्रमाच्या फीसाठी दोन शासकीय योजनांचा लाभ मिळत नाही. तेव्हा महाडीबीटीवर जी पात्र योजना दिसेल त्यातली फी प्रतिपूर्तीची एकच निवडा. महापालिकेची आणि मंडळाची रक्कम मात्र १०वीच्या गुणांवर मिळते, आयटीआयच्या फीवर नाही. ते दोन्ही अर्ज बिनधास्त भरा. महापालिकेत सर्वसाधारण विद्यार्थ्याला ८० टक्क्यांची अट आहे, पण मनपा शाळेतल्यांना ७०. भाऊ त्यात बसतो. राहण्याचा पुरावा पुणे मनपा हद्दीतलाच लागेल, वारजे हद्दीत आहे.

महाडीबीटीचा अर्ज भरला की काम संपलं असं समजू नका. तो आधी संस्थेच्या लॉगिनला जातो आणि तिथल्या क्लार्कने पुढे पाठवला नाही तर महिनोन् महिने तिथेच पडून राहतो. आमच्याकडे सर्वांत जास्त मुलं इथेच अडकायची. दर सोमवारी स्थिती बघा आणि अर्ज संस्थेकडेच दिसला तर अर्ज क्रमांक लिहून प्राचार्यांना भेटा. रागावून नाही, पण हातात कागद घेऊन. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका.

फी हप्त्याने मागायची तर प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज करा: केंद्रीय फेरीतील प्रवेश, महाडीबीटी अर्ज क्रमांक, वडिलांचा व्यवसाय, उत्पन्नाचा दाखला जोडला आहे, आणि किती रक्कम कोणत्या तारखेला भरणार ते. तारीख लिहिलेल्या अर्जाला नाही म्हणणं जड जातं. पोच घ्यायला विसरू नका.

विद्यावेतनाचंही कार्यालयात विचारा. वर्षानुवर्षं ते महिना ४० रुपये होतं, २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने ५०० केलं. त्यातून महिन्याची बसची बरीच सोय होते.

व्हर्नियर लगेच विकत घेऊ नका. वर्कशॉपच्या टूलरूममध्ये असतो, पहिले काही महिने तर फायलिंगच (कानशीने घासकाम) चालतं. बूट मात्र चांगले घ्या, त्यात काटकसर नको.

प्रतिसाद २: कसबेकर

माझ्या पुतणीने इलेक्ट्रिशियन केलं. खाजगी देणग्यांपैकी तीन ठिकाणी आयटीआय चालतं: एलआयसीची गोल्डन ज्युबिली शिष्यवृत्ती (१०वीला किमान ६० टक्के), एचडीएफसी बँकेची परिवर्तन योजना (आधीच्या परीक्षेत ५५ टक्के आणि उत्पन्न अडीच लाखांच्या आत) आणि सीताराम जिंदाल फाउंडेशन. तिन्हींचे अर्ज त्यांच्याच संकेतस्थळावरून भरायचे, पैसे लागत नाहीत. "मंजूर करून देतो, इतके द्या" म्हणणारा भेटला की तिथूनच परत फिरा.

पुण्यातली लीला पूनावाला फाउंडेशन सगळे सुचवतील, पण ती मुलींसाठी आहे, तुमच्या भावाच्या उपयोगाची नाही.

आणि बँकेत जाऊन आधार सीडिंग तपासा, हे आजच करा. नुसतं आधार जोडलेलं असून भागत नाही, एनपीसीआयच्या (बँकांमधले पैशांचे व्यवहार जोडणारी संस्था) नोंदीत आधारसमोर त्याचं खातं असावं लागतं, यालाच सीडिंग म्हणतात. दोन खाती असतील तर पैसे शेवटी सीड केलेल्या खात्यात जातात.

प्रतिसाद ३: वारजेची ताई

दोघांचे मनापासून आभार. काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे अर्ज लिहिलाय, निम्मी रक्कम आत्ता आणि उरलेली दिवाळीनंतरच्या तारखेला असं मागितलंय. बँकेत कळलं की त्याचं शाळेतलं खातं सीडच नव्हतं, तिथेच फॉर्म भरून दिला. मंडळाच्या अर्जाला वडिलांचं ओळखपत्र आणि १०वीची गुणपत्रिका काढून ठेवलीय.

एक राहिलं. दोन वर्षांनंतर त्याने लगेच कारखान्यात जावं असं वडिलांचं म्हणणं, त्याला मात्र डिप्लोमा करायचाय. शिकता शिकता कमाई होईल असं काही आहे का?

प्रतिसाद ४: निवृत्त निदेशक

आहे. ॲप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत विद्यावेतन घेऊन काम शिकणं. आयटीआय प्रमाणपत्रधारकाला २०१९ च्या नियमांत महिना किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरवलं होतं, पुण्यातल्या बऱ्याच मोठ्या कंपन्या त्याहून जास्त देतात. मशिनिस्ट दोन वर्षांचा ट्रेड आहे, त्यामुळे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. आधी ॲप्रेंटिसशिप करून हातात चार पैसे आले की मग डिप्लोमा, असं माझे बरेच विद्यार्थी करायचे. डिप्लोमाला तंत्रशिक्षणाच्या योजना वेगळ्या लागू होतात, तेव्हा पुन्हा विचारा.

त्याला सांगा, पहिल्या सहामाहीत वर्कशॉप कॅलक्युलेशन आणि ड्रॉइंग पक्कं कर. गुण तिथेच जातात.