युरीन कल्चर पॉझिटिव्ह, त्रास काहीच नाही. अँटिबायोटिक घ्यायलाच हवं का?

जाईजुई: लवकर सांगा प्लीज, मी गरोदर आहे. लघवीतले जंतू तपासायच्या कल्चर रिपोर्टमध्ये ई. कोलाय हे जंतू आलेत, संख्या एक लाखाच्या वर. डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्यात. पण जळजळ नाही, ताप नाही. नुसतं पाणी वाढवून भागेल का?

अनघा_७: कितवा आठवडा? गोळी कोणती?

रानवारा: गरोदरपणात अँटिबायोटिक नकोच. क्रॅनबेरी ज्यूस घ्या, मला त्यानेच गुण आला होता.

मृण्मयी: रानवारा, तेव्हा तुम्ही गरोदर होतात का? क्रॅनबेरीने झालेलं इन्फेक्शन जात नाही. एरवी त्रास नसेल तर सोडून देतात, पण गरोदरपणात मूत्रवाहिन्या सैलावतात, लघवी तुंबते आणि जंतू किडनीपर्यंत चढतात. माझ्या जावेलाही आधी काहीच त्रास नव्हता. मग एका रात्री हुडहुडी भरली, दोन गोधड्या घालूनही दात वाजत होते, कुशीत हात लावू देईना. अ‍ॅडमिट करून शिरेतून औषध द्यावं लागलं.

काजवा: मला पाचव्या महिन्यात नायट्रोफ्युरँटोइन दिलेलं, तेच मागून घ्या. लघवी गडद पिवळी होते, घाबरू नका.

जाईजुई: सदतिसावा संपत आलाय. गोळी सेफॅलेक्सिन.

अनघा_७: काजवा, म्हणूनच आठवडा विचारत होते! दिवस भरत आले की नायट्रोफ्युरँटोइन टाळतात, बाळाच्या तांबड्या पेशी फुटण्याची भीती असते. सल्फाच्या गोळ्याही शेवटी नकोत, बाळाची कावीळ वाढू शकते. सेफॅलेक्सिन गरोदरपणात नेहमी देतात. जाईजुई, रिपोर्टखालच्या सेन्सिटिव्हिटीच्या तक्त्यात (कोणतं औषध त्या जंतूवर चालतं ते दाखवणाऱ्या) सेफॅलेक्सिनच्या गटासमोर 'एस', म्हणजे औषध चालतं, असं आहे का? पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी?

शुभदा_क: लघवीत जीबीएस (ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस हे वेगळे जंतू) निघालं तर कळा सुरू झाल्यावर शिरेतून पेनिसिलिन देतात, हे विचारून ठेवा.

अनघा_७: शुभदा, त्यांना ई. कोलाय आहे.

जाईजुई: 'एस' आहे, अ‍ॅलर्जी नाही. आत्ताच पहिली गोळी घेतली. पुन्हा कल्चर करायचं का?

रानवारा: सोबत क्रॅनबेरी घ्या तरी.

मृण्मयी: साधारणपणे कोर्स संपल्यावर एक-दोन आठवड्यांनी करतात. पण तोवर तुमची तारीख येईल, म्हणून कधी करायचं ते डॉक्टरांना आजच फोन करून विचारा. बरं वाटतंय म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. थंडी-ताप आला, कंबरेच्या वर एका बाजूला दुखलं, उलट्या झाल्या किंवा पोट कडक व्हायला लागलं तर रात्र असली तरी निघा.