मलावीच्या शेतीला बाहेरून मदत: उपयोग किती, लुडबुड किती?

ढेकूळ
परवा मित्राशी जोरात वाजलं म्हणून इथे टाकतोय. त्याचं म्हणणं, गरीब देशांच्या शेतीला बाहेरून पैसा आणि तज्ज्ञ मिळाल्याशिवाय तिथे काही होत नाही. मी म्हटलं आफ्रिकेतला मलावी बघ. समुद्र नाही, एकच पावसाळा, नोव्हेंबर ते एप्रिल, सगळं मक्यावर, आणि जानेवारी-फेब्रुवारीत घरातला मका संपलेला नि शेतातला अजून हिरवा. ८०-९०च्या दशकात वर्ल्ड बँक आणि बाकीच्या डोनर (मदत देणाऱ्या) मंडळींनी मागे लागून खताची सबसिडी काढायला लावली, बाजार सगळं सांभाळेल म्हणे. २००२ला माणसं उपाशी मेली. २००५ला परत पीक गेलं, कसाबसा १२ लाख टन मका, तेव्हा अध्यक्ष बिंगु वा मुथारिकांनी डोनर नाकं मुरडत असताना कूपनं वाटली. खताची ५० किलोची दोन पोती आणि थोडं बियाणं, अगदी कमी किमतीत. पुढच्याच वर्षी २५ लाख टनांच्या वर, २००७ला ३० लाखांच्या वर, शेजारच्या झिम्बाब्वेला मका विकला! माझं मत सरळ आहे, पैसे द्यायचे तर द्या, पण काय पेरायचं नि कशाला सूट द्यायची हे त्यांचं त्यांना ठरवू द्या.

अर्धाकप
अर्धीच गोष्ट सांगितलीत हो. २००६-०७ला पाऊस चांगला झाला होता हे कुठे गेलं? आणि ते आकडे सरकारी आहेत, त्यावर अभ्यासकांनी तेव्हाच शंका घेतलेली. बरं, खत येतं कुठून? बाहेरून. म्हणजे आधी जहाजातून मोझांबिक नाहीतर टांझानियाच्या बंदरात, मग ट्रकने आत, आणि सगळं डॉलरमधे. डॉलर येतात मुख्यतः तंबाखू विकून. २००८ला जगभर खताचे भाव भडकले आणि ह्या योजनेने सरकारच्या तिजोरीला भोक पाडलं. योजनेचं नाव २०२०ला बदललं पण रोग तोच. नोव्हेंबर २०२३ला क्वाचा, म्हणजे तिथलं चलन, एका झटक्यात ४४ टक्क्यांनी उतरवला, आता करा खत आयात. आणि नंतर त्याच डोनरांनी बियाण्याला, वाहतुकीला पैसे दिले की नाही? ते सोयीस्कर विसरायचं.

मृगनक्षत्र
मी दोन वर्षं मलावीत एका प्रोजेक्टवर होते (संस्थेचं नाव नको), तर दोघांनाही थोडं सांगते. आमचं काम होतं जमीन न नांगरता, वर काडीकचऱ्याचं आच्छादन ठेवून मका लावणे. कागदावर सुंदर. डेमो प्लॉट कायम डांबरी रस्त्याला लागून, कारण पाहुणे येणार, गाडी चिखलात जायला नको. पाहुणे आले की शेतकरी छान बोलायचे, कारण आच्छादन करणाऱ्याला बियाणं-खत फुकट होतं. तिसऱ्या वर्षी फुकट देणं बंद होणार असं कळलं आणि अर्ध्यांनी आच्छादन करणं तेव्हाच सोडलं. आमच्या साहेबांचं निदान काय, तर जागृती कमी पडली! अहो, तो काडीकचरा शेळ्या खातात, आणि कापणी झाली की पोरं तोच पेटवून उंदीर धरतात, तिथे भाजलेले उंदीर काडीला लावून रस्त्यावर विकायला असतात. म्हणजे आम्ही ज्याला कचरा म्हणत होतो तो त्यांच्या हिशोबात चारा होता नि कालवण होतं. हे विचारायचं आमच्या फॉर्ममधे रकानाच नव्हता.

ढेकूळ
हेच तर म्हणतोय ना ताई! बाहेरून आलेला माणूस उत्तर खिशात घेऊन येतो आणि मग त्याला बसेल असा प्रश्न शोधत फिरतो. संकरित मक्याचंही तेच झालं, सुरुवातीचे वाण उत्पन्नाला भारी पण दाणा मऊ, कोठारात सोंडकिडा लगेच लागायचा आणि उखळात कांडताना भुगाच जास्त व्हायचा. बायका कडक दाण्याचा गावठी मका सोडायला तयार नव्हत्या तर त्यांना मागासलेलं ठरवलं. १९९०ला कडक दाण्याचे संकरित वाण आले तेव्हा कुठे त्यांनी हात लावला. एवढं कळायला किती वर्षं लागली बघा.

अर्धाकप
हो, पण ते कडक दाण्याचे वाण काढायला संशोधनाचा पैसा, आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्राची मदत, हे सगळं लागलंच ना? तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने जातंय साहेब.

आणि "पैसे द्या, ठरवू त्यांना द्या" म्हणजे कोणाला द्या? सरकारला? २०१३चा कॅशगेट घोटाळा विसरलात का, सरकारी अधिकाऱ्यांच्या घरात आणि गाड्यांत नोटांचे गठ्ठे सापडले होते. डोनरांनी थेट बजेटला पैसे देणं थांबवलं, मी त्यांच्या जागी असतो तर मीही थांबवलं असतं. तेव्हापासून पैसा एनजीओमार्फत जातो आणि मग त्या रस्त्यालगतच्या प्लॉटच्या तक्रारी आपण इथे ऐकतो.

चटणीभाकर
थोडक्यात सरकारला दिले तर गाडीत सापडतात आणि एनजीओला दिले तर त्याचीच गाडी येते 😄

हिशोबनीस
विनोद बाजूला ठेवू. मला ह्या चर्चेत एक गोष्ट खटकतेय, सगळे मदतीवर बोलताय आणि व्यापारावर कोणीच नाही. बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली ह्या चार देशांनी २००३ला जागतिक व्यापार संघटनेत सांगितलं होतं की आम्हाला मदत नको, अमेरिका स्वतःच्या कापूसवाल्यांना देते ती सबसिडी थांबवा, त्याने आमचा भाव पडतो. हैतीमधे तांदळावरची आयातड्युटी ९०च्या दशकात तीन टक्क्यांवर आणली, अमेरिकन तांदूळ आला आणि तिथला भात उत्पादक संपला, २०१०ला माजी अमेरिकन अध्यक्ष क्लिंटननी स्वतः ही चूक कबूल केली.

आणि आपण पण काही धुतल्या तांदळाचे नाही. २०१५-१६ला आपल्याकडे तूर कडाडली तेव्हा आफ्रिकेत तूर पेरा म्हणून माणसं फिरली. मलावीत तूर पिकते आणि बाहेर जाते ती मुख्यतः भारतात. ऑगस्ट २०१७ला आपण आयातीवर मर्यादा घातली, मोझांबिकशी तूर घ्यायचा सरकारी करार होता, मलावीशी नव्हता, आणि तिथला भाव कोसळला. ज्याने एकरभर तूर लावली त्याला आपण एका अधिसूचनेने घरी बसवलं. आपल्या शेतकऱ्यासाठी तो निर्णय बरोबर होता की नाही हा वेगळा वाद, पण तूर पेरणाऱ्या मलावीतल्या बाईला त्याचं काय.

ढेकूळ
हे मला माहीतच नव्हतं. बाप रे.

अर्धाकप
हिशोबनीस, मुद्दा मान्य, पण व्यापार सुधारेपर्यंत मधल्या काळात काय? मार्च २०२३ला फ्रेडी वादळाने दक्षिण मलावीत शेतं वाहून नेली, माती गेली, उभा मका गेला. तेव्हा कूपनचं अर्थशास्त्र सांगून पोट भरतं का? जानेवारी २०२५ला अमेरिकेने परदेशी मदत थांबवली, जुलैत यूएसएड ह्या त्यांच्या मदतसंस्थेचं दुकानच बंद केलं. दुष्काळाची आगाऊ सूचना देणारी त्यांची यंत्रणा काही महिने बंद पडली होती. ढेकूळरावांना ही स्वायत्तता वाटत असेल तर बोलणंच खुंटलं.

ढेकूळ
मी मदत बंद करा म्हटलेलं नाहीये, वर जाऊन वाचा. हवामानाची माहिती, वाणांचं संशोधन, रस्ते, ह्यात द्या की खुशाल. पण रातोरात बंद होऊ शकते हीच तर माझी तक्रार आहे, दुसऱ्या देशात निवडणूक झाली आणि तुमच्या जिल्ह्यातला कृषी सहायक घरी गेला, ह्याला कसली मदत म्हणायची. ती उधारीवरची शेती झाली.

मृगनक्षत्र
चांगलं उदाहरणही सांगते नाहीतर मी फक्त रडगाणं गाते असं वाटेल. उत्तरेला एक्वेन्देनी म्हणून गाव आहे, तिथल्या हॉस्पिटलने २०००च्या सुमारास काम सुरू केलं, कारण कुपोषित मुलं येतच होती आणि औषध देऊन परत पाठवली तर महिन्याभरात पुन्हा हजर. संशोधक आणि पैसा दोन्हीत कॅनडाचा हात होता, म्हणजे मदत बाहेरचीच. पण प्रयोग गावातले शेतकरी करायचे. त्यांना जोडी पसंत पडली ती तूर आणि भुईमूग एकत्र. भुईमूग लवकर निघतो, तूर हळू वाढते, त्यामुळे एकमेकांच्या पायात येत नाहीत, आणि काढणी झाली की पाला लगेच मातीत गाडायचा. पुढच्या वर्षी तिथे मका. तोच पाला हो, जो आमच्या प्रोजेक्टमधे कोणी ठेवायला तयार नव्हतं! फरक इतकाच की इथे शेंगा पोराच्या ताटात जात होत्या, त्यामुळे आधी बायकांना पटलं.

अर्धाकप
छान आहे, पण किती वर्षं लागली?

मृगनक्षत्र
खूप. आणि डोनरचं चक्र तीन-चार वर्षांचं. आमच्याकडे दुसऱ्या वर्षी अहवालात "किती शेतकऱ्यांनी स्वीकारलं" हा आकडा भरावा लागायचा, मीपण भरलाय, मनाला पटत नसताना. जो एकदा मीटिंगला येऊन भत्ता नि कोल्ड्रिंक घेऊन गेला तोही त्यात मोजलेला असायचा.

हिशोबनीस
मग तूर-भुईमूग करणाऱ्यांनी २०१७ला काय केलं असेल?

मृगनक्षत्र
भुईमूग घरात खपतो, तूर पण खातात. नुसती विकायलाच तूर लावलेली, त्यांचं अवघड झालं. २०२१ला भारताने मलावीशी करार केला, पाच वर्षं दरवर्षी ५० हजार टन तूर घ्यायची. कुठल्याही कार्यशाळेपेक्षा त्या कागदाचा उपयोग जास्त असं माझं मत. मुदत मात्र २०२५-२६पर्यंतच होती.

चटणीभाकर
म्हणजे ताईंच्या प्रोजेक्टपेक्षा आपलं वरण जास्त कामाचं.

ढेकूळ
😂 बरं, अर्धाकप, संशोधनाच्या मुद्द्यावर तुम्ही पकडलंत हे मान्य. खताच्या कूपनवर अजून मानत नाही, २००५ला समोर उपाशी माणसं असताना दुसरं काय करणार होते ते सांगा. आणि हा धागा मित्राला पाठवत नाहीये, तो उगाच आपण जिंकलो म्हणत फिरेल.